सोलापूरचे तलाव आणि उजनीचा काठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर तर दुष्काळी जिल्हा. इथे कसल्या आल्या पाणथळ जागा?

आहेत, आणि भरपूर आहेत. फक्त त्यातल्या बहुतेक सगळ्या माणसाने बांधलेल्या आहेत. भुईकोट किल्ल्याला लागून असलेला सिद्धेश्वर तलाव, विजापूर रोडवरचा कंबर तलाव (कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव), आदिला नदी अडवून १८७१ साली पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरुख तलाव, होटगीचा तलाव आणि भीमेवर १९८० साली पूर्ण झालेलं उजनी धरण. याखेरीज गावोगावचे पाझर तलाव आहेतच. पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरात. उरलेलं वर्ष शंभर मैलांतल्या पाखरांना, माशांना आणि जनावरांना हीच पाणी साठलेली ठिकाणं असतात. कोकणात एक तळं गेलं तर पलीकडे दुसरं असतं, इथे नसतं.

तलाव काठोकाठ भरला म्हणजे सगळं ठीक, असं समजायचं का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. पाणथळ म्हणजे मधलं खोल पाणी नव्हे, तर काठ: घोट्यापासून मांडीपर्यंतचं उथळ पाणी, त्यामागचा ओला चिखल आणि त्यामागचं लव्हाळ्याचं गवत. किडे, शंख, माशांची पिल्लं, बेडूक या पट्ट्यात वाढतात. चमचा, चित्रबलाक, शेकाट्या आणि रोहित म्हणजेच फ्लेमिंगो याच पट्ट्यात चरतात.

हिशेब करून बघा. एप्रिल-मे महिन्यांत इथे उघड्या तलावातून दिवसाला ७-८ मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं, म्हणजे महिन्याला साधारण २४ सेंटिमीटर. काठाचा उतार ५० फुटांना १ फूट असा मंद असेल तर महिन्यात १२ मीटर रुंदीचा नवा चिखल उघडा पडतो, म्हणजे पाखरांना रोज ताजं ताट. तोच काठ उभा खणलेला असेल तर पाणी नुसतं खाली उतरतं, चिखल काही मिळत नाही.

म्हणूनच ज्या वर्षी उजनी हिवाळ्यातही तुडुंब असते, त्या वर्षी फ्लेमिंगो उशिरा येतात किंवा पांगतात. पाणी भरपूर असतं, पण पाय टेकायला जागा नसते.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

सांडपाणी. दुसऱ्या क्रमांकावर काठ बुजवणं. बाकी सगळं त्यानंतर.

घरगुती सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो, म्हणजे एका अर्थाने खतच. ते तलावात उतरलं की शेवाळ आणि जलपर्णी माजते. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ऑक्सिजन ओढतं. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडी टाकतात. पहाटे साडेपाच-सहाला सांडव्याजवळ उभं राहा. मासे पाण्याच्या वरच्या थरात हवा गिळताना दिसले तर दोन-चार दिवसांत मेलेल्या माशांचा खच पडू शकतो. ढगाळ, वारा नसलेल्या दिवसांनंतर हे हमखास घडतं. "कुणीतरी विष टाकलं" अशी आवई उठते, पण बहुतेक वेळा कारण ऑक्सिजनचंच असतं.

उजनीचं दुखणं वरून येतं: पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठा, भीमा असं उतरत धरणात येतं. ते इथे बसून थांबवता येणार नाही. पण आपल्या शहरातले आणि गावातले नाले आपल्या हातात आहेत. चादर-टॉवेलच्या रंगाईचं पाणी वेगळ्या जातीचं असतं: त्यात मीठ जास्त आणि रंग सहज न कुजणारा. साध्या जैविक शुद्धीकरणातून गेल्यावरही रंग उरतो आणि उजेड खाली पोचू देत नाही. हे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळून "पातळ" करणं हा उपाय नव्हे. ते कारखान्याच्या आवारातच वेगळं शुद्ध व्हायला हवं.

पाणी हिरवट-गढूळ आहे. शेवाळ की नुसता गाळ, कसं ओळखायचं?

काचेच्या पारदर्शक बाटलीत पाणी भरा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी तपकिरी थर आणि वर निवळ पाणी दिसलं तर गाळ. पाणी हिरवंच राहिलं किंवा हिरवा थर वर तरंगला तर शेवाळ.

नियमित नोंद ठेवायची असेल तर २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल तबकडी घ्या, चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, मध्ये भोक पाडून सेंटिमीटरच्या खुणा केलेली दोरी बांधा आणि खाली वजन लावा. सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान सावलीच्या बाजूने सोडा. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना परत दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी काढा. पावसाळा सोडून इतर वेळी ती ३० सेंटिमीटरच्या आत येत असेल आणि बाटलीची चाचणी शेवाळ सांगत असेल, तर तलावाला जास्त खत मिळतंय. दर १५ दिवसांनी, त्याच जागी. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका.

हिरवा रंग सांडल्यासारखी साय काठाला जमली असेल तर जनावरांना ते पाणी पाजू नका. ती नीलहरित शेवाळाची असू शकते आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात.

जलपर्णी दरवर्षी काढतो, दरवर्षी येते. चुकतं कुठे?

तीन ठिकाणी: वेळ, उरलेलं १० टक्के आणि काढलेला ढीग.

जलपर्णी अनुकूल हवेत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. ९० टक्के काढून "बाकीचं नंतर बघू" म्हटलं तर १० चे २०, २० चे ४०, ४० चे ८०, म्हणजे सहा आठवड्यांत तलाव परत हिरवागार. शेवटचं १० टक्के काढणं हेच खरं काम, आणि तेच सगळ्यात कंटाळवाणं: बेशरमाच्या झुडपांत, पाणकणसात, मोटारीच्या पाइपांभोवती अडकलेली रोपं एकेक करून उपटावी लागतात.

वेळ म्हणाल तर फेब्रुवारी ते मे. पाणी कमी, पसारा आकसलेला, ट्रॅक्टर काठापर्यंत जातो. फुलं येण्याआधी काढलेलं बरं, कारण बी चिखलात पडलं की १५-२० वर्षं जिवंत राहतं. तलाव पूर्ण आटला म्हणजे जलपर्णी संपली, हा समज म्हणूनच खोटा. पाणी परत आलं की बी रुजतं.

आता वजन. दाट जलपर्णी एका चौरस मीटरला २५ किलो सहज भरते, आणि त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. एक एकर म्हणजे सुमारे १०० टन. चार-पाच टनांची ट्रॉली धरली तर २० ते २५ खेपा. ठेका देताना हा हिशेब न केल्यामुळे पैसे निम्म्यातच संपतात. त्यावर तोड म्हणजे काढलेली जलपर्णी आधी दोन-तीन दिवस उंचावर पसरून वाळवा, मग वाहतूक करा. वजन निम्म्याहून खाली येतं.

ढीग काठावर ठेवला तर पहिल्या पावसात त्याचं सगळं खत परत तलावात. पूररेषेच्या वर न्या. शेणासोबत थर देऊन कंपोस्ट होतं, पण शहरी नाल्याच्या पाण्यावर वाढलेली जलपर्णी जड धातू शोषून घेते. तिचं खत भाजीपाल्याला घालू नका. झाडांच्या खड्ड्यात चालेल.

नाल्याच्या तोंडाशी एक तरंगता अडसर लावा: रिकामे बंद प्लास्टिकचे कॅन ओळीने दोराला बांधायचे आणि खाली अर्धा मीटर जाळी सोडायची. वाहून येणारी रोपं तिथेच अडकतात आणि आठवड्यातून एकदा दोन माणसं ती काढू शकतात. पावसाळ्याच्या तोंडावर अडसराचं एक टोक सोडून ठेवा, नाहीतर पहिल्या लोंढ्यात सगळंच जातं.

तणनाशक मारलं तर?

मेलेली जलपर्णी तळाशी जाऊन कुजते, ऑक्सिजन संपतो, मासे मरतात आणि खत तलावातच राहतं. पिण्याच्या किंवा जनावरांच्या पाण्यात तर विचारही नको.

जलपर्णी खाणारे भुंगे असतात म्हणे. ते सोडता येतील?

असतात. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या दोन जातींचे भुंगे १९८० च्या दशकात भारतात आणले गेले. ते पानं कुरतडतात, अळ्या देठात शिरतात. पण परिणाम दिसायला दोन-चार वर्षं लागतात, आणि दर उन्हाळ्यात आटणाऱ्या लहान तलावात त्यांची वस्ती टिकत नाही. मोठ्या, कायम पाणी असलेल्या जलाशयात हाताने काढण्याच्या जोडीला उपयोगी. हिप्परग्यासारख्या ठिकाणी एवढ्यावर विसंबू नये.

गावाच्या नाल्याचं पाणी तलावात जाण्याआधी साफ करायचा स्वस्त उपाय आहे का?

आहे: खडीची बाग. म्हणजे खडीच्या उथळ टाकीत पाणवनस्पती लावून त्यातून सांडपाणी सावकाश जाऊ द्यायचं. १०० माणसांच्या वस्तीसाठी ढोबळ माप असं:

- माणशी रोज ८० लिटर धरलं तर ८ घनमीटर पाणी.
- क्षेत्र माणशी दीड ते दोन चौरस मीटर, म्हणजे १५० ते २०० चौरस मीटर. खोली ६० सेंटिमीटर, तळाला १ टक्का उतार.
- तळ पाणी न झिरपणारा हवा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे नुसत्या मातीवर भरवसा नको, जाड प्लास्टिकचं अस्तर घाला.
- तोंडाशी आणि शेवटी ४० ते ६० मिलिमीटरची मोठी खडी, मधे १० ते २० मिलिमीटरची धुतलेली खडी.
- पाणकणीस किंवा कर्दळ, चौरस मीटरला चार रोपं.

खडीतली पोकळी ४० टक्के धरली तर पाणी साडेचार ते सहा दिवस आत राहतं, तेवढं पुरतं. पाण्याची पातळी खडीच्या ५ सेंटिमीटर खाली ठेवा म्हणजे डास होत नाहीत.

बिघडतं ते एकाच कारणाने: आधी गाळ बसवायची टाकी नसते. मग मैला आणि कचरा थेट खडीत शिरतो, दोन वर्षांत ती तुंबते आणि पाणी वरून वाहू लागतं. म्हणून आधी जाळी, मग किमान एक दिवसाचं पाणी मावेल अशी दोन कप्प्यांची टाकी, आणि मगच बाग. टाकीतला गाळ ठरावीक काळाने उपसायचा, हे काम ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात लिहून ठेवा. लिहिलेलं नसेल तर ते होत नाही.

गाळ काढल्याने तलाव वाचतो की बिघडतो?

कसा काढला त्यावर आहे. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेमुळे गाळाला मागणी आहे, आणि शेताला तो चांगलाच. एका एकरावर ५ सेंटिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे २०० घनमीटर, म्हणजे ७० ब्रासच्या वर गाळ लागतो.

गाळ फक्त मधल्या भागातला काढावा, काठाचा मंद उतार आणि लव्हाळ्याचा पट्टा तसाच सोडावा. यंत्रवाल्याला काठाशीच थांबून खणणं सोपं पडतं, म्हणून तो तिथेच उभे खड्डे पाडतो. त्यात पुढे गुरं आणि पोरं बुडतात ते वेगळंच. मुरूम लागला की थांबा. गाळाखालचा थर फोडला तर पाणी झिरपून जातं. तलावाच्या बांधाच्या भरावाजवळ तर हातच लावू नये. किती अंतर सोडायचं ते पाटबंधारे खात्याचा अभियंता आखून देतो, त्याच्या खुणेआत जेसीबी नेऊ नका. गाळाच्या नावाखाली वीटभट्टीला माती आणि बांधकामाला वाळू जाते का, तेही बघा.

मार्च ते जून या काळात टिटवी, नदी सुरय, आर्ली उघड्या चिखलावर आणि बेटांवर अंडी घालतात. घरटं म्हणजे खळगा आणि त्यात मातीच्याच रंगाची दोन-चार अंडी, ट्रॅक्टरवरून दिसणं शक्यच नाही. रोज सकाळी यंत्र सुरू करण्याआधी एका माणसाने तेवढा पट्टा चालत बघावा. डोक्यावर पाखरं ओरडत घिरट्या घालत असतील तर घरटं जवळ आहे. भोवती चार काठ्या रोवून तेवढी जागा तीन-चार आठवडे सोडा.

तलावाभोवती दगडी भिंत, जॉगिंग ट्रॅक, कारंजं केलं की संवर्धन झालं ना?

सुशोभीकरण झालं. उभ्या भिंतीने उथळ काठ संपतो, बेडूक-कासवं वर येऊ शकत नाहीत, प्रखर दिवे रात्रीच्या थव्याला हुसकावतात. कारंज्याने थोडा ऑक्सिजन मिळतो, पण नाला चालू असेल तर त्याचा काही उपयोग नाही. शहरातल्या तलावाला फिरायची वाट हवीच, त्यात वाद नाही. ती एका बाजूला करा, पाण्यापासून मागे. निदान निम्मा काठ मातीचा आणि झाडोऱ्याचा राहू द्या. ज्या निविदेत भिंतीचा खर्च आहे पण नाला वळवण्याचा नाही, ती आम्ही तरी तलावाच्या कामाची मानत नाही.

गाळपेर जमिनीवर पीक घेणं चूक आहे का?

पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर हरभरा, कलिंगड, काकडी घेणं जुनंच आहे, आणि रीतसर परवानगीने घेतलं तर त्यात गैर नाही. अडचण येते ती तीन गोष्टींनी: पाण्यालगत फवारलेलं कीटकनाशक, पाणी परत येऊ नये म्हणून घातलेले बांध आणि हंगाम संपला तरी न हटणारा ऊस. पाण्याच्या कडेपासून ५० मीटर पट्टा न नांगरता सोडला, तर शेतकऱ्याचं थोडंच जातं आणि पाखरांना सगळं मिळतं. युरिया-डीएपी त्या बाजूच्या सऱ्यांना टाकू नका. पहिल्या पावसाने ते तलावातच जाणार.

उजनीत उरलेल्या पाण्याचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला सुमारे ६३-६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराबाहेरचं तळाचं पाणी. "उजनी मायनसमध्ये गेली" म्हणतात ते या साठ्यातून उपसा सुरू झाल्यावर. जलाशयातली चोरटी मोटार उन्हाळ्यात पाण्याच्या मागे मागे सरकत जाते, तिच्यासाठी चिखलात चर खणले जातात आणि उरलीसुरली डबकी त्यात रिकामी होतात. शेवटचे मासे त्या डबक्यांतच असतात.

माशांमध्ये आता चिलापीच का सापडते?

चिलापी (तिलापिया) बाहेरची. ती वर्षातून अनेकदा विते, पिल्लं तोंडात सांभाळते आणि गढूळ, घाण पाण्यातही तगते. नर उथळ तळाला खळगे करतो, त्यामुळे चिखल ढवळला जातो आणि पाणवनस्पती रुजत नाहीत. बीज सोडताना कटला, रोहू, मृगळ किंवा स्थानिक जातीच सोडा, आणि पिशवीत भेसळ नाही ना ते टबात ओतून बघून घ्या. आफ्रिकन मांगूर पाळायला २००० सालापासून बंदी आहे. शेततळ्यातून तो पुरात निसटला की थेट नदीत जातो.

तंगुसाची (नायलॉनच्या बारीक धाग्याची) बारीक जाळी दुहेरी नुकसान करते: पिल्लं संपतात आणि पाणकावळे, वारकरी (कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पाणपक्षी, पंढरीच्या जिल्ह्यात शोभेल असंच नाव) त्यात अडकून बुडतात. जाळं संध्याकाळी लावून पहाटे काढा, दिवसभर सोडू नका, आणि फाटलेलं जाळं पाण्यात टाकून देऊ नका. टाकलेलं जाळं वर्षानुवर्षं मारत राहतं. विष किंवा स्फोटकं वापरून मासे मारणं हा गुन्हा आहे.

पीओपीची मूर्ती घरी कशी विरघळवायची?

मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट घ्या, मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात मिसळा, दिवसातून तीन-चार वेळा ढवळा. दोन-तीन दिवसांत तळाला चुनखडी बसते आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. ते भरपूर पाणी मिसळून झाडांना घाला. बादली उघड्यावर ठेवा, अमोनियाचा वास येतो. रंग आधी खरवडून घेतला तर बरं. शाडूची मूर्ती असेल तर हे काहीच लागत नाही. निर्माल्य कुठल्याच तलावात नको, हार कुजताना ऑक्सिजनच खातात.

काठावरची बेशरम आणि वेडी बाभूळ काढावी का?

बेशरम मुळासकट काढा. तोडलेला तुकडा ओल्या मातीत पडला की परत फुटतो, म्हणून वाळवून जाळण्याशिवाय पर्याय नाही. वेडी बाभूळ मात्र आधी बघा: तिच्यावर बगळ्यांची वसाहत असेल तर पिल्लं उडेपर्यंत कुऱ्हाड लावू नका, आणि बदली देशी बाभूळ वाढेपर्यंत टप्प्याटप्प्याने काढा.

कायद्याने संरक्षण आहे की नाही?

इथे एक मेख आहे. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम बुजवणं, कचरा-राडारोडा टाकणं, न शुद्ध केलेलं सांडपाणी सोडणं आणि गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करणं यांना बंदी घालतात. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे याच नियमांच्या व्याख्येतून वगळले आहेत. सोलापुरातले बहुतेक तलाव नेमके असेच. म्हणून तक्रारीत फक्त या नियमांचा आधार घेतला तर ती पहिल्याच टेबलावर अडकते.

त्याऐवजी १९७४ चा जलप्रदूषण कायदा धरा. त्याच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही जलसाठे येतात. भराव, सांडवा, चोरटी मोटार यासाठी १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, पक्ष्यांच्या शिकारीसाठी १९७२ चा वन्यजीव कायदा. मानवनिर्मित म्हणून महत्त्व कमी होतं असंही नाही: बंधाऱ्यामुळे तयार झालेलं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आहे.

फ्लेमिंगो बघायला होडीने किती जवळ जावं?

१०० मीटरच्या आत नाही. थवा चरायचं थांबवून माना वर करून उभा राहिला की तुम्ही आधीच जास्त जवळ आलात. एका दिशेने चालू लागला तर नावाड्याला तिथेच थांबायला सांगा. उडवलेल्या थव्याचा फोटो सुंदर येतो, पण तेवढा वेळ त्यांचं चरणं बुडतं. नावाड्याला जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर लांब थांबल्याबद्दल द्या.

नाल्यातून रंगीत पाणी येताना दिसलं. आत्ता काय करू?

वेळ आणि ठिकाण उमटेल असा फोटो घ्या: एक तोंडाचा, एक वरच्या बाजूचा, एक खालच्या बाजूचा. स्वच्छ एक लिटरच्या बाटल्या त्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरा, एक नाल्याच्या तोंडाशी आणि एक त्याच्या वर. बर्फाच्या डब्यात ठेवा, बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याची) तपासणी २४ तासांच्या आत व्हायला हवी. हा नमुना तुमच्या माहितीसाठी. कायद्यात टिकणारा नमुना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारीच घेतो, म्हणून त्यांना लगेच कळवा, आणि महापालिका किंवा ग्रामपंचायतीला त्याच दिवशी लेखी देऊन पोच घ्या. रंगीत पाणी बऱ्याचदा रात्री किंवा पावसाच्या आडून सोडलं जातं. आठवडाभर रोज त्याच वेळी पाहून वहीत लिहिलंत तर अधिकाऱ्याला कधी यायचं ते सांगता येतं. जखमी पाखरू सापडलं तर वन खात्याचा क्रमांक १९२६. तोवर त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका.